शेडगेबाई शांत झाल्या

वैजयंती शेडगेच्या जिभेला हाड नाही, याबद्दल शुभंकर सोसायटीत दुमत नव्हतं. वाशीच्या सेक्टर पंधरातल्या त्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारतींत पाणी, पार्किंग, गणपतीची वर्गणी अशा एकाही प्रश्नावर कधी एकमत झालं नाही. शेडगेबाईंच्या बाबतीत मात्र सगळे एक होते. एकदा टाकीत कबूतर मरून पडलं. नळाला वास यायला लागल्यावर सेक्रेटरी बंडू कुलथ्यांनी रीतसर सभा बोलावली आणि कबुतरांच्या सवयींवर लांबलचक भाषण केलं. शेवटी वैजयंती उठून म्हणाली, "कबूतर मेलंय हे पाण्याला कळलं, आमच्या नाकाला कळलं, आता फक्त कमिटीला कळायचं राहिलंय." सभा हसत हसत उठली. कुलथे हसले नाहीत. अजेंड्यावर नसलेला विनोद त्यांना चालत नसे.

वैजयंती पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. समोर दिव्यांचा बोर्ड, कानाला हेडफोन आणि दिवसभर जगाची बोलणी. उधारी मागणारा कोणी तावातावाने फोन करायचा. ती सांगायची, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तो ओरडायचा, कालपासून? ती शांतपणे म्हणायची, हो, साहेबांना विचार करायला वेळ लागतो. गंमत अशी, की बाई उद्धट आहे अशी तक्रार करायला फोन करणारेसुद्धा तिच्याशीच जरा बोलून फोन ठेवायचे.

घरीही तेच. नवरा सुभाष न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होता. कस्टममधून कंटेनर सोडवता सोडवता त्याचा दिवस सरायचा. रात्री जेवताना त्याला तत्त्वज्ञान सुचायचं. माणसाने कसं समुद्रासारखं शांत असावं, असं तो ताटावर बसून म्हणाला की वैजयंती आमटी वाढता वाढता विचारायची, "मग खाडीत एवढा कचरा आणून टाकतं कोण?" मुलगी क्षिप्रा खिदळायची. सासू गोजराबाई फलटणकडच्या. त्या कपाळाला हात लावायच्या, पण दुसऱ्या दिवशी तेच वाक्य शेजारणीला रंगवून सांगायच्या, स्वतःच्या नावावर.

दर संक्रांतीला सोसायटीत एक विनोद ठरलेला असे. तिळगूळ वैजयंतीला दोन वेळा द्यायचा. गोड बोलायची गरज तिलाच जास्त ना! शहाण्णव सालची संक्रांत झाली, तिळगूळ दोन वेळा देऊन झाला, आणि शेडगेबाई खरोखरच बोलायच्या थांबल्या.

एकदम नाही. सोसायटीचं पाणी जातं तशा. आधी जोर कमी झाला, मग धार बारीक झाली, मग नळातून नुसता सूं आवाज. काय झालं होतं म्हणाल तर काहीच नाही, आणि हीच पंचाईत होती. कोणी गेलं नव्हतं, कोणी पळून गेलं नव्हतं, नोकरी शाबूत, क्षिप्रा अकरावीत चांगली चाललेली. पहाटे अंधारात तिला टक्क जाग यायची आणि छातीवर कोणी ओलं पोतं टाकून गेलंय असं वाटायचं. ते पोतं उचलून बाजूला ठेवायचं, मग दात घासायचे, मग डबे करायचे. घास तोंडात माती होऊन फिरायचा. कारखान्यात बोर्डावरचा दिवा लुकलुकायचा आणि ती बघत राहायची. काहीतरी करायचंय हे कळायचं, पण हात दुसऱ्याचा असल्यासारखा उशिरा उचलला जायचा. टोमणे सुचत नव्हते असं नाही. मिठाईवाल्याच्या काचेमागच्या बर्फीसारखे ते दिसायचे, पण हाताला लागायचे नाहीत.

आणि मग सुरू झालं कौतुक.

गोजराबाई शेजारणीला म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्सं झाली, आता कुटं सून निवळली बघा." शेजारणीने श्रेय तिळगुळाला दिलं. तीळ तिने भाजले होते. सुभाषला घरात पहिल्यांदाच वाक्य पूर्ण करता येऊ लागलं. समुद्र, आकाश, संयम, अशा सगळ्या विषयांवर त्याने बोलून घेतलं. बायको मान हलवते आहे हे पाहून आपलं बोलणं अखेर तिच्या लक्षात यायला लागलंय, अशी त्याची समजूत झाली. सोसायटीतल्या बायका तिला जिन्यात अडवून विचारायच्या, किती बारीक झालीस, कुठलं डाएट गं? कारखान्यात सौजन्य सप्ताह होता, त्यात मॅनेजरने तिला सौजन्याचं पहिलं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. फोनवर ती आता 'हो', 'नाही' आणि 'थांबा' एवढंच बोलायची, आणि व्यवस्थापनाला यापेक्षा जास्त सौजन्य झेपणारंही नव्हतं. कुलथ्यांनी तर कळस केला. शेडगेबाई आता समंजस झाल्या आहेत, सबब त्यांना कमिटीवर घ्यावं, असा ठराव त्यांनी मांडला.

त्या चार महिन्यांत एक बाई बुडत होती आणि काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते, पोहण्याची नवी पद्धत बघा म्हणून.

त्यातलं सगळ्यांत वाईट असं, की वैजयंतीचा त्या टाळ्यांवर विश्वास बसला. आपण आजवर जगाला तापच दिला, आपण गप्प झालो तर सगळे सुखात आहेत, याचा अर्थ आपण मुळात नकोच होतो, असा हिशेब ती पहाटे मांडायची आणि तो दर वेळी बरोबर यायचा. कॅन्टीनमध्ये चहा करणारी, पावणे गावातली सगुणा तेवढी अस्वस्थ होती. ती म्हणायची, "बाय, तुला नजर लागली हाय कुनाची तरी." एके दुपारी तिने मिरच्या-मीठ आणून वैजयंतीवरून उतरवलं आणि कॅन्टीनच्या शेगडीत टाकलं. अख्खं अकाउंट्स खोकत बाहेर आलं. वैजयंतीला ठसकासुद्धा लागला नाही. सगुणाने निदान केलं, की नजर फारच जबरी आहे.

मेमधल्या एका रविवारी वैजयंतीने परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने सुभाष भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात डोकावला. परातीत ओलं पीठ वाळत चाललं होतं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"कणीक कशी मळायची ते आठवत नाहीये," ती म्हणाली.

चार महिने बायको हरवली होती, त्याचा घरात कुणाला पत्ता नव्हता. एक संध्याकाळ चपात्या हरवल्या आणि घर खडबडून जागं झालं.

मग उपचार सुरू झाले. शुभंकर सोसायटीत उपचारांना कधी तोटा नव्हता. गोजराबाईंनी गुरुवार धरायला लावले. आधीच न जेवणाऱ्या बाईला आणखी एक उपास. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लाल रंगाचं टॉनिक दिलं. ते प्यायल्यावर जीभ लाल व्हायची, एवढा गुण आला. सुभाषने दोन दिवस माथेरानला नेलं. तिथे ती हॉटेलच्या पलंगावर बसून भिंत बघत होती आणि तो घोड्यावर बसून फोटो काढून घेत होता. एक लांबची चुलत नणंद फोनवर म्हणाली, मनाला लावून घ्यायचं नाही, आमच्याकडे बघ. वैजयंतीने पूर्वी या वाक्याचं काय केलं असतं, त्याची कल्पनाच करावी.

कुलथ्यांकडे मात्र सगळ्यांत आधुनिक उपाय होता. त्या वर्षी हास्य क्लबांची साथ आली होती. खाडीकाठच्या बागेत सकाळी सहाला कुलथ्यांचा क्लब भरायचा आणि अध्यक्ष अर्थातच तेच होते. "वैनी, टेन्शन घ्यायचं नाय. हसलं की मन साफ. आमी आहोत ना," असं म्हणून ते तिला घेऊन गेले. बागेत पंधरा-वीस लोक गोल उभे होते. कुलथ्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळे हात वर करून हो हो हो, हा हा हा करू लागले. आयुष्यात ज्यांना कधी कशाचं हसू आलं नव्हतं, असे निवृत्त सेक्शन ऑफिसर, घशाच्या शिरा ताणून, तालावर. आणि ज्या बाईने या लोकांना इतकी वर्षं फुकट हसवलं होतं, तिला ते हसायला शिकवत होते. वैजयंती मध्ये उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि थांबेना. कुलथ्यांनी तिच्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, की बघा, भावना मोकळ्या होत आहेत. पुन्हा टाळ्या.

क्षिप्राने हे सगळं पाहिलं होतं. ती सोळा वर्षांची होती आणि त्या घरात आईच्या बोलण्यावर वाढलेली होती. लोक वरण-भातावर वाढतात तशी. एका संध्याकाळी तिने मुद्दाम खडा टाकला. म्हणाली, आई, कुलथेकाका सोसायटीच्या गेटवर स्वतःचा फोटो लावणार आहेत, हारासकट. इतका सोपा चेंडू वैजयंतीने आयुष्यात सोडला नसता.

"लावू दे," ती म्हणाली.

क्षिप्रा तिच्याजवळ जाऊन बसली. "आई, तू चिडत का नाहीस?"

वैजयंती पदराचं टोक सरळ करत राहिली. मग म्हणाली, "चिडायलासुद्धा आत कोणीतरी असावं लागतं गं." आणि थोड्या वेळाने, जणू बाजारातून आणायची वस्तू आठवावी तसं, "सकाळी उठायलाच नको असं वाटतं. मरायचं वगैरे नाही. नुसतं उठायचं नाही."

दुसऱ्या दिवशी क्षिप्राने कॉलेजात तिच्या मैत्रिणीला, नूरीनला, सगळं सांगितलं. नूरीनची खाला, म्हणजे मावशी, डॉक्टर खदीजा मुकादम, मनोविकारतज्ज्ञ होती आणि वाशीतच बसायची. घरी हे सांगितल्यावर सुभाष आधी रागावला, मग घाबरला, आणि शेवटी त्याने विचारलं, दवाखाना कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे? पहिल्या मजल्यावर, एका दातांच्या डॉक्टरच्या शेजारी, असं कळल्यावर तो तयार झाला. जिना एकच होता.

त्या जिन्यासारखा सोयीचा जिना नवी मुंबईत दुसरा नसेल. डॉक्टर मुकादमांचे निम्मे पेशंट गालावर हात ठेवून वर चढायचे. सुभाषने शेजाऱ्यांना सांगितलं, की हिची दाढ दुखतेय. सेक्टर पंधरात त्या वर्षी दातांचं आरोग्य फारच ढासळलेलं होतं.

डॉक्टर मुकादम मूळच्या उरणकडच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्यावर ओढणी, आणि बोलणं अगदी रोखठोक. त्यांनी सुभाषला बाहेर बसवलं आणि वैजयंतीला विचारलं, झोप कशी, भूक कशी, मरणाचे विचार येतात का, पूर्वी काय केलं की बरं वाटायचं. पूर्वी लोकांना टोमणे मारले की बरं वाटायचं, असं वैजयंतीने प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग सुभाषला आत बोलावून त्या म्हणाल्या, की हे डिप्रेशन आहे, मध्यम स्वरूपाचं.

सुभाषचा जीव भांड्यात पडला. "मध्यम म्हणजे तसं किरकोळच ना?"

"मध्यम आकाराचा नाग चावला तर किरकोळ म्हणाल का?"

 सुभाष माल सोडवणारा माणूस होता आणि त्याला तारीख हवी होती. किती दिवसांत क्लिअर होईल, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी त्याला समजावलं, की गोळी आज सुरू केली तर पहिले दोन-तीन आठवडे काहीच वाटणार नाही. उलट तोंड कोरडं पडेल, गुंगी येईल. महिना-दीड महिन्यात फरक दिसायला लागेल. पूर्ण बरं वाटायला तीन-चार महिने. आणि बरं वाटल्यानंतर आणखी निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची.

"बरं वाटल्यावर कशाला?" सुभाषने विचारलं.

"प्लास्टरच्या आत पाय दुखायचा थांबला, म्हणून कोणी लगेच शिडीवर चढत नाही. तसंच."

वैजयंतीला त्यांनी दर शुक्रवारी बोलायला यायला सांगितलं. बोलायलाच तर जमत नाहीये, असं ती म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "मग गप्प बसायला या. पण इथे येऊन गप्प बसा."

पहिले काही आठवडे फारच वाईट गेले. तोंड चुन्यासारखं कोरडं पडायचं. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटायचे. सगळ्यांना एकदम वैद्यकशास्त्र कळायला लागलं. गोजराबाई म्हणाल्या, डोक्याच्या गोळ्यांनी डोकं जातं. शेजारीण म्हणाली, एकदा लागल्या की सुटत नाहीत. त्या शेजारणीला स्वतःला लिपस्टिकची दुकानं सुटत नव्हती. आधी ती आजारी होती तेव्हा कुणाला काही दिसत नव्हतं. आता औषध सुरू होताच सगळ्यांना ती आजारी दिसायला लागली.

शुक्रवारी वैजयंती डॉक्टरांसमोर खरोखरच गप्प बसायची. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी तिने तो पहाटेचा हिशेब बोलून दाखवला. मी गप्प झाले तर सगळे खूश आहेत, म्हणजे मी वाईटच होते ना?

डॉक्टर म्हणाल्या, "ते खूश आहेत हे खरं असेल. पण त्यावरून तुम्ही वाईट ठरत नाही. ते आळशी ठरतात."

हे वाक्य घेऊन ती घरी आली. त्याचं काय करायचं ते तिला कळलं नाही, पण पहाटे जाग आली की ती ते शेजारी ठेवून बघायची.

मन असो नसो, रोज एक छोटं काम करायचं, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात शनिवारी मार्केटला जाणं आलं. सगुणाला एपीएमसीतून घाऊक कांदे न्यायचे असायचे, वैजयंती तिच्याबरोबर जायची. हमालांच्या आरोळ्या, ट्रक, कांद्याची सालं, कुजका भाजीपाला, त्या गोंधळात कुणी तिला हसायला सांगत नव्हतं, एवढाच तिथला आराम. जुलैतल्या एका शनिवारी सगुणाने तिला मीठ लावलेलं जांभूळ दिलं. तिने ते नेहमीसारखं, काही अपेक्षा न ठेवता तोंडात टाकलं. तुरट लागलं. माती नाही, तुरट. ती तिथेच गोण्यांना टेकून उभी राहिली आणि तिने आणखी एक मागितलं.

झोप आधीच सुधारली होती. गोजराबाईंना तिच्या आधी कळलं. कारण पहाटे स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली होती. सगळ्यांत शेवटी कळलं ते पेशंटलाच, आणि त्याचं निमित्त कुलथे झाले.

ऑगस्टमध्ये ती एका शुक्रवारी दवाखान्यात शिरली तर कोपऱ्यातल्या खुर्चीत, वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर उलटं धरून, हास्य क्लबचे अध्यक्ष बसले होते. हे दातांच्या डॉक्टरचं नव्हे, मुकादमांचं वेटिंग होतं. कुलथ्यांनी पेपराआडून पाहिलं, त्यांचा चेहरा पडला, आणि हात आपोआप गालावर गेला.

"वैनी. दाढ हो. फार ठणकतेय."

"कुठली?" वैजयंतीने विचारलं.

"अक्कलदाढ."

"चला, उशिरा का होईना, आली म्हणायची."

वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि तिलाच दचकायला झालं. रिसेप्शनवरची मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. आणि कुलथे? कुलथे आधी लाल झाले, मग त्यांच्या पोटातून काहीतरी घरघरत वर आलं, आणि ते हसायला लागले. हात वर न करता, शिट्टी न वाजवता, बेताल. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पेपर सुलटा केला आणि हळूच सांगितलं, की रिटायर झाल्यापासून आपल्याला झोप नाही. वैजयंती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. पहिले तीन आठवडे काहीच वाटणार नाही, तोंड कोरडं पडेल, घाबरू नका, असं तिने त्यांना सांगितलं. कुलथ्यांनी सभेत कधी कुणाचं इतकं शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं.

नळाला पुन्हा पाणी आलं. घरी पहिला तडाखा सुभाषला बसला, संयमावरच्या वाक्याच्या मध्यावर. क्षिप्रा ताटावरून उठून नाचली. बाकीच्यांचा आनंद मात्र दोन दिवस टिकला. गोजराबाई कुरकुरल्या, की गोळ्यांची उष्णता तोंडावाटे बाहेर पडतेय. मॅनेजरने विचारलं, सौजन्याचं काय झालं? ते मी घड्याळाबरोबर भिंतीवर टांगलंय, असं तिने सांगितलं. लोकांना ती बरी व्हायला हवी होती, पण गप्प राहून.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं. कुणी गोळ्यांची पट्टी पाहिली, कुजबुज झाली. सुभाषने तिला समजावलं, की आता तू ठणठणीत आहेस, मग हे कशाला? तिलाही ते पटलं. आजारी माणसाला आपण बरे झालो हे ऐकायला इतकं आवडतं, की तेवढ्यासाठी तो पुन्हा आजारी पडायला तयार होतो. डॉक्टरांना न विचारता तिने गोळ्या बंद केल्या. मोदक उत्तम झाले. विसर्जनाला ती नाचलीसुद्धा.

दिवाळीच्या सुमाराला ते पोतं परत आलं. तेवढंच ओलं, तेवढंच जड. या वेळी ती त्याला ओळखत होती, आणि त्यामुळेच जास्त घाबरली. ती पुन्हा बोलेनाशी झाली.

"बघा, गोळ्या बंद केल्या आन् कशी शांत झाली," गोजराबाई समाधानाने म्हणाल्या.

सुभाष त्या वेळी चकलीचा तुकडा मोडत होता. त्याने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग त्याने, कधी नव्हे ते, प्रयोग केला. घसा साफ करून तो म्हणाला, की माणसाने कसं पर्वतासारखं अढळ असावं. आणि तो थांबला. मार खायला तयार होऊन पाठ पुढे करावी तसा थांबला. वैजयंती चकल्यांचा डबा झाकत होती. तिने झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि मान हलवली. त्या घरात इतकी शांतता सुभाषने याआधी चार महिने चवीने उपभोगली होती.  या वेळी त्याने चपला घातल्या आणि तिला घेऊन दवाखाना गाठला. रिक्षावाल्याला पत्ता मात्र दातांच्या डॉक्टरचाच सांगितला. एका दिवसात माणूस किती सुधारणार?

डॉक्टर मुकादम रागावल्या नाहीत. गोळी पहिल्यापासून, वाट पाहणंही पहिल्यापासून, आणि या वेळी थांबवायची ते माझ्या सांगण्यावरून, हळूहळू, एवढंच त्या म्हणाल्या. गोजराबाईंना त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही, पण म्हातारी खाली उतरली ती गालावर हात न ठेवता. त्या दिवसापासून संध्याकाळी गोळीबरोबर पाण्याचा पेला त्याच आणून द्यायच्या. उपकार केल्यासारखा आणायच्या, पण आणायच्या. गुरुवारचे उपास त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतले.

दुसऱ्या खेपेला जास्त वेळ लागला. अधूनमधून चार चांगले दिवस यायचे आणि पाचवा दगा द्यायचा. शिमग्यापर्यंत चांगले दिवस जास्त झाले. पुढचं अख्खं वर्ष तिने गोळ्या घेतल्या आणि अठ्ठ्याण्णवच्या सुरुवातीला, डॉक्टरांनी सांगितलं तशा, कमी करत करत बंद केल्या. सगळा मिळून दोन वर्षांचा कारभार झाला. आठ दिवसांत बरं करतो म्हणणारे तेवढ्या काळात तीन वेळा उपाय बदलून बसले होते.

त्याच वर्षी कारखान्याने नवं आपोआप चालणारं एक्स्चेंज बसवलं. बटण दाबलं की फोन आपला आपण लागणार, मध्ये बाई नको. मॅनेजरने वैजयंतीला बोलावून, नोकरी जाणार नाही, पण माल रवाना करणाऱ्या विभागात बसावं लागेल, असं सांगितलं. जुना बोर्ड भंगारात गेला. टेम्पोत चढवताना त्याच्या वायरी लोंबत होत्या. वैजयंती घरी आली, पलंगावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

घरात हलकल्लोळ झाला. सुभाषने ऑफिसातून अर्धी रजा घेतली. गोजराबाई जुनी गोळ्यांची पट्टी शोधायला लागल्या. कुलथे धावत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, की काही बोलायची गरज नाही, मी नुसता बसतो. क्षिप्राने डॉक्टरांना फोन लावला. चार महिने बुडताना जिच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं, तिला आता दहा मिनिटं निवांत रडण्याची सोय उरली नव्हती. शेवटी सगळ्यांच्या आग्रहाखातर तिला डॉक्टरांकडे नेण्यात आलं.

डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, बोर्डाचं विचारलं. मग त्यांनी सुभाषला सांगितलं, "यांना दुःख झालंय. इतकी वर्षं केलेलं काम गेलं. याला औषध नाही आणि याला औषध लागतही नाही. रडू द्या."

"म्हणजे ते नाही?" सुभाषने विचारलं.

"ते नाही."

घरी येऊन वैजयंती पुन्हा पलंगावर बसली आणि राहिलेलं रडली. या वेळी कुणी मध्ये आलं नाही. तिला नवल वाटत होतं, की डोळ्यांतलं पाणी खारट लागतंय, छातीत दुखतंय ते बोर्डासाठी दुखतंय, आणि खिडकीतून शेजारच्या फोडणीचा वास येतोय. गोजराबाईंनी पोह्यांची ताटली आणून समोर ठेवली आणि त्या दारात अदबीने उभ्या राहिल्या. वैजयंतीने नाक पुसलं, ताटलीत पाहिलं आणि विचारलं, "लिंबू कुठाय?"